माझ्या सावलीतला पाळणा

मित्रांनो, मी एक रॉयल पाम आहे. माझ्या बुंध्याला मात्र अजून जुनी पत्र्याची पाटी लटकते आणि तिच्यावर लिहिले आहे 'बॉटल पाम'. चूक एवढीशीच. पण त्या चुकीखाली एक पाळणा टांगलेला होता.

माझा जन्म चामोर्शीच्या एका नर्सरीत झाला. नर्सरीवाल्या लियाकतभाऊंनी रॉयल आणि बॉटल अशा दोन्ही जातींचे बी शेजारशेजारच्या वाफ्यांत पेरले होते. आम्ही वीतभर होतो तेव्हा अगदी सारखे दिसायचो. बॉटलच्या रोपाच्या देठाला तेवढी लालसर कड असते. पिशव्यांत भरताना आमची सरमिसळ झाली. लियाकतभाऊंच्या बायकोने, हाजराबाईंनी, मला उजेडात धरले.

"अजी, याच्या देठाले लाली नाई."

"सावलीत वाढलं ते. तुले तं कोऱ्या चहातबी लाली दिसत नाई," म्हणत लियाकतभाऊ हसले आणि त्यांनी 'बॉटल पाम'ची पाटी बांधली.

जंगलाकाठच्या एका गावात अंगणवाडी नवी बांधली होती. अंगण लहान, म्हणून बॉटल पामसारखे बुटकेच राहणारे झाड हवे होते. अंगणवाडीची देखभाल करणारे जंगूभाऊ मला मांडीवर घेऊन एसटीने आले. त्यांनी मला तांदूळ धुतलेले पाणी पाजले, उन्हाळ्यात बुडाशी धानाची तणस, म्हणजे पेंढा, अंथरला. मी भराभर वाढलो. माझ्या बुंध्याचे पोट सुटले तेव्हा मुले नाचली, "बाटली फुगली, बाटली फुगली!" मग कुणाला शंका कशी यावी? मी कौलांच्या वर गेलो, आणि तरी थांबलो नाही.

झावळी पिवळी पडली की जंगूभाऊ लांब बांबूच्या आकडीने ती ओढून काढत. म्हणून माझी झावळी आपोआप गळताना गावाने कधी पाहिलीच नाही. यंदा आकडी पुरेना.

"राहू दे न," ते म्हणाले. "वाळलं तरी लटकून राह्यते. शिंदीचं नाई पाह्यलं का?"

शिंदी, म्हणजे रानखजूर, या गावाच्या रोजच्या ओळखीची. तिची वाळकी पाने खोडालाच लोंबत राहतात. बायका ती कापून झाडू बांधतात. पण मी शिंदी नाही, मित्रांनो. माझी झावळी एक दिवस बुडातल्या रुंद आवरणासकट सुटते, भरल्या घागरीसारखी जड.

अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या दुर्गाने माझ्या बुंध्यापासून पडवीच्या खांबापर्यंत दोर ताणला आणि जुन्या लुगड्याचा पाळणा बांधला. त्यात तिची तान्ही लेक दिव्या. चुलीवरचे ढवळून झाले की दुर्गा धावत येई, पायाच्या अंगठ्याने झोका देई. दिव्या वर माझ्याकडे बघून मुठी नाचवी.

"पाह्य व माय, कसा वारा घालून राह्यला तुले!"

मी वारा घालत नव्हतो. माझी झावळी मानेपासून सुटत होती.

रोज थोडी. एकदा कर्र वाजले. दुर्गाने वर पाहिले. "खार असंन," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. मला ओरडता आले असते तर!

त्या दुपारी वारा अजिबात नव्हता. दिव्या झोपली होती. खिचडी वाढता वाढता दुर्गाला पान्हा फुटला, पदर ओला झाला. लेक रडायच्या आत घ्यावी म्हणून तिने हात धुतले, पाळण्यातून तिला अलगद उचलले आणि पडवीची पायरी चढली.

मागे झावळी कोसळली, दोर तुटला. लुगडे झावळीखाली जमिनीत दाबले गेले.

दुर्गाने दिव्याला इतके घट्ट धरले, की लेकच रडू लागली. जंगूभाऊंनी आकडी फेकून दिली आणि लियाकतभाऊंना फोन लावला.

"भाऊ, हे बाटली नोहे."

पलीकडून लियाकतभाऊ हळूच म्हणाले, "हाजरा म्हणत होती. जंगू, त्या वाफ्यातली बाकीची रोपं कुठी कुठी गेली, मले आता आठवतबी नाई."

आता माझ्याभोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण आहे. मला राग नाही. पण माझी भावंडे? कुणी सावली गावाला गेले असेल, कुणी गडचांदूरला. त्यांच्या पाटीवरही तेच नाव आहे, आणि तीही वाढत आहेत.

मित्रांनो, झाड लावताना त्याचे म्हातारपणही विचारून घ्या. आणि तुमच्या दारात छपराच्या वर गेलेला एखादा 'बॉटल' उभा असेल, तर पाटी वाचत बसू नका. मान वर करा. झावळी पिवळी पडून कलली असेल, तर आधी पाळणा हलवा. आम्हाला हाक मारता येत नाही, आणि झावळी धरूनही ठेवता येत नाही.