कठड्यावरचे आठ के

मैदानाच्या डाव्या बाजूच्या बाकड्यांकडे जाणाऱ्या एकोणतीस पायऱ्या थिओ यानोसिक बत्तीस वर्षं एका दमात चढत आला होता. या बुधवारी तो दोनदा थांबला. पहिल्यांदा त्याने बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं. दुसऱ्यांदा निमित्तही सुचलं नाही, नुसताच कठडा धरून उभा राहिला. खांद्यावर काळी प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत लाल रंगाने रंगवलेले पुठ्ठ्याचे वीस इंग्रजी 'के' होते, आणि पुठ्ठे वाकू नयेत म्हणून मागे तो पत्र्याचा साचा, ज्यावरून ते रंगवले होते. गोदीवर क्रेन चालवायचा तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्याने तो स्वतः कापला होता. गोदी बंद पडली, क्रेन भंगारात गेली, साचा राहिला.

"ये बाबा ये!" वरून बर्निस ओरडली. "तू पोचेपर्यंत होआकीनला विकून मोकळे होतील!"

बर्निस टकरने या शहरात सदतीस वर्षं टपाल वाटलं होतं, त्यामुळे तिचा आवाज गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज जायचा. तिच्या पलीकडे डेल हचिन्स बसला होता. हा शाळेत गणित शिकवायचा, चाळिशीचा होता आणि बिअरच्या ग्लासापेक्षा फोन जास्त वेळ हातात धरायचा. त्याला हे दोघं मास्तर म्हणायचे. तिघांची ओळख याच बाकड्यावर झाली होती आणि एकमेकांचं घर त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. पण बाकड्यावर ज्याची जागा ठरली ती ठरली, तिथे मेयर आला तरी त्याला सरकावं लागलं असतं.

होआकीन बेनावीडेस हा आमच्या स्टोकर्स या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याने एखाद्या फलंदाजाला तीनदा चकवून परत पाठवलं की थिओ कठड्याला एक 'के' लटकवायचा. फलंदाज बॅट न हलवता तिसऱ्या चेंडूकडे बघतच राहिला, तर तोच 'के' पाठमोरा. एक नियम मात्र पक्का होता. शेवटचा गडी बाद होईपर्यंत लावलेला 'के' काढायचा नाही. काढला तर पिचरला बाधतं, असं आमच्याकडे शाळेत गेलेली आणि न गेलेली सगळीच माणसं मानतात.

उद्या संध्याकाळी सहाला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपणार होती. स्टोकर्स चार सामन्यांनी मागे होते, म्हणजे ऑक्टोबरातले मोठे सामने खेळायची आशा होती म्हटलं तर होती. मालकांच्या मनात मात्र होआकीनला पश्चिमेकडच्या एका संघाला देऊन त्या बदल्यात तीन होतकरू पोरं घ्यायचं चाललं होतं.

"तीन पोरं, थिओ, तीन!" डेल आल्याआल्याच सुरू झाला. "त्यातला तो टोबिन रीव्ह, एकोणीस वर्षांचा. मी चार तास गाडी हाणून त्याला खालच्या संघात खेळताना बघून आलोय. चेंडू अडवणारे असे हात मी बघितले नाहीत."

"मग त्याच्याशी लग्न लाव," बर्निस म्हणाली. "आत्ता समोर पोटभर वाढलेलं ताट आहे आणि हा म्हणे, ते उचला, मी बागेत बटाटे लावतोय."

"अगं, पुढच्या वर्षी होआकीनचा करारच संपतोय! तो काय इथे थांबणारे? तो जाणार आणि आपण टाळ्या वाजवत बसणार. त्यापेक्षा आत्ता काहीतरी पदरात पाडून घ्या. तीन वर्षांनी बघा, हेच मैदान कसं गाजतंय."

"तीन वर्षांनी," थिओ म्हणाला. एवढंच म्हणाला आणि पिशवीची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना.

सोमवारी डॉक्टर बाईंनी त्याला समोर बसवून पोटातला फोटो दाखवला होता. बाई तरुण होती, बिचारी सगळं फोटोकडे बघूनच बोलत होती. थिओलाच तिची कीव आली. थंडीपर्यंत, ती म्हणाली, कदाचित ख्रिसमस. त्याने हिशोब केला तो ख्रिसमसचा नाही, ऑक्टोबरचा. आमच्या स्टोकर्सनी सव्वीस वर्षांत ऑक्टोबर पाहिलेला नव्हता. शेवटचा पाहिला तेव्हा आयरीन, त्याची बायको, शेजारी बसली होती आणि एकाच घोंगडीत दोघांचे गुडघे होते. आता आयरीन नव्हती, मुलगी टेक्ससला होती आणि तिलाही त्याने अजून कळवलं नव्हतं. त्याला फक्त एकदा थंडीत या बाकड्यावर बसून होआकीनला खेळताना बघायचं होतं. मरणाऱ्या माणसाची इच्छा म्हणून हे कोणाला सांगायचं? हसतील, नाहीतर रडतील, आणि त्याला दोन्ही नको होतं.

सामना सुरू झाला. होआकीनने पहिल्याच डावात दोघांना चकवलं. थिओने दोन 'के' लावले, तिसऱ्या डावात आणखी तीन, त्यातला एक पाठमोरा. बर्निसने शेंगदाण्याची टरफलं पायाखाली चुरडत प्रत्येक 'के'ला डेलच्या कानाशी जाऊन टाळी वाजवली.

"हे बघ, हे विकायचंय तुला! हे!"

"वेग बघ त्याचा," डेल फोनवरून मान न उचलता म्हणाला. चौथा डाव चालू होता. "नेहमी ताशी सत्त्याण्णव मैल असतो. आत्ताचे दोन एक्क्याण्णवचे. हात राखून टाकतोय. नव्या मालकासाठी."

"आणि हात का झटकतोय तो सारखा?" बर्निसने डोळे बारीक केले.

"घाम असेल. उकाडा केवढाय."

थिओला तो फरक दिसत होता. पण त्याच्या मनात आता दुसरंच शिजत होतं. राखून ठेवणं या गोष्टीचीच त्याला चीड आली होती. या शहराने जन्मभर हेच ऐकलं. पोलादाची भट्टी विकली तेव्हा पुढे चांगलं होईल म्हणाले, गोदी विकली तेव्हाही पुढे चांगलं होईल म्हणाले. ते पुढचं कधी कोणाच्या दारात आलं नाही, आणि बर्निसनेच टपाल वाटलं असल्यामुळे तिला ते नक्की माहीत होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "तुला बरं सुचतं रे तीन वर्षांचं. तुझ्याकडे ढीग पडलाय वर्षांचा."

"तुम्हा म्हाताऱ्यांचं हेच असतं!" डेलही चिडला. "आजचं आज पाहिजे. जरा धीर धर की! तीन वर्षं म्हणजे काय मोठं? तिघं इथेच तर बसणार आहोत."

थिओ वळून पिशवीतले उरलेले 'के' मोजायला लागला. बर्निसला ते आवडलं नाही. थिओ यानोसिक भांडण अर्ध्यावर सोडणाऱ्यांतला नव्हता.

पाचव्या डावात होआकीनने आणखी तिघांना परत पाठवलं. आठवा 'के' थिओने लावला तेव्हा मैदान उभं होतं. होआकीन मान खाली घालून डगआउटकडे, म्हणजे खेळाडूंच्या बाकांकडे, गेला, नेहमीसारखी टोपी उडवली नाही. सहाव्या डावाला चेंडू घेऊन दुसराच पोरगा आला. मैदानात कुजबुज पसरली. आणि मग मोठ्या पडद्यावर दिसलं की डगआउटमध्ये एकेक जण होआकीनला मिठी मारतोय.

जुलैच्या शेवटच्या दोन दिवसांत आमची माणसं चेंडूकडे कमी आणि डगआउटमधल्या मिठ्यांकडे जास्त बघतात. सामना चालू असताना कोणाची अदलाबदल झाली की त्याला आतल्या आत निरोप देतात, आणि कागदोपत्री बातमी यायच्या आधी ती मिठीच आम्हाला सगळं सांगते. यात आम्ही कधी चुकत नाही, असा आमचा समज आहे.

"झालं," डेल म्हणाला. त्याचा आवाज मात्र आनंदाचा नव्हता. "गेला."

अर्धं मैदान टाळ्या वाजवत होतं, अर्धं शिव्या घालत होतं. पडद्यावर होआकीनने टॉवेल तोंडावर घेतला.

"रडतोय बघ," बर्निस म्हणाली, आणि तिचेही डोळे भरले. "आपल्यावर जीव होता गं बाई त्याचा."

थिओ उठला. त्याने कठड्यावरचा पहिला 'के' ओढला, दोरीसकट, आणि मधोमध फाडला. मग दुसरा.

"थिओ! अरे, काढू नकोस! सामना चालू आहे!"

"कोणासाठी ठेवू?" तो ओरडला. इतक्या वर्षांत बर्निसने त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "जा! जा तिकडे! रडायचं नाटक कशाला करतोस? आम्ही इथे मेलो तरी तुला काय त्याचं! जा!"

आठही 'के' त्याने फाडले, पिशवीतले राहिलेले बाराही ओढून काढून फाडले आणि तुकडे कठड्यावरून खाली मैदानात फेकले. डाव्या कोपऱ्यातला खेळाडू वळून बघत राहिला. मग खाली वाकून त्याने ते एकेक गोळा केले. मागच्या रांगेतून कोणीतरी "शाब्बास, आजोबा!" म्हणालं. थिओ धापा टाकत खाली बसला. बर्निसने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला शर्टाखाली नुसती हाडं लागली.

डेलचा फोन वाजला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

"अदलाबदल नाही झालेली," तो हळूच म्हणाला.

"मग?"

"कोपर. डाव्या हाताचं. बोटांत मुंग्या येत होत्या म्हणे चौथ्या डावापासून, त्याने कोणाला सांगितलं नाही. शेवटच्या चेंडूला काहीतरी तुटल्यासारखं झालं." त्याने चष्मा काढला. "म्हणून त्या मिठ्या."

मैदानभर फोन उघडत गेले तसं ते गप्प होत गेलं. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या ते आपापल्या बुटांकडे बघत होते. थिओने दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवले. त्यांवर लाल रंगाचे पापुद्रे चिकटले होते.

"हात तुटलेल्या पोराला मी जा म्हणालो," तो म्हणाला. "नाटक करतो म्हणालो."

"त्याने कुठे ऐकलं ते," बर्निस म्हणाली.

"मी ऐकलं ना."

डेलने चष्मा पुन्हा चढवला. मग तो पुटपुटला, "आता त्याला कोण घेणार? ती पोरंही येत नाहीत आणि हाही नाही. कापाकापी करावी लागेल. असं कोपर म्हणजे अठरा महिने."

"मग काय झालं!" बर्निसने उसनं अवसान आणलं. "आपल्याकडेच राहिला ना! करार वाढवतील, खेळेल परत. अठरा महिने बघताबघता जातील. थिओ, घरी गेलास की नवे 'के' रंगवायला घे. या खेपेला पुठ्ठा जरा जाड आण."

थिओने रिकाम्या पिशवीत हात घातला. तळाशी पत्र्याचा साचा तेवढा उरला होता. त्याने तो बाहेर काढला, बाहीने पुसला आणि बर्निसच्या मांडीवर ठेवला.

"रंग फार पातळ करू नकोस, कडेने गळतो," तो म्हणाला. "पाठमोरा पाहिजे असला की साचाच पालथा घालायचा. वेगळा कापायची गरज नाही."

"मला कशाला सांगतोस? तूच तर..." बर्निस थांबली. दारोदार जाऊन तिने कसली कसली पत्रं लोकांच्या हातात दिली होती. पाकीट न उघडता आतलं ओळखायची तिला सवय होती. तिने साचा दोन्ही हातांनी धरला.

"कधी?" तिने विचारलं.

"थंडीत म्हणतायत."

डेलने फोन खाली ठेवला, तोही पालथा. "मला माहीत नव्हतं रे. मी आपला तीन वर्षं, तीन वर्षं करत बसलो. तू सांगायचंस तरी."

"राग येत होता तुझा," थिओ म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण बरंही वाटत होतं, मास्तर. सोमवारपासून सगळे मला वजा करून बोलतायत. डॉक्टर बाई, ती औषधवाली, विमेवाला. तू एकटाच मला धरून चालला होतास. तिघं इथेच बसणार आहोत म्हणालास ना, तेव्हा घटकाभर मी पण बसलो होतो तिथे."

डेलचं तोंड रडवेलं झालं. बर्निसने साचा छातीशी धरला आणि समोर मैदानाकडे बघत राहिली. खाली नव्या पोराने चुकीचे चेंडू टाकून तिघांना फुकटात तळांवर चढू दिलं होतं, मग एकाने चेंडू थेट कुंपणापलीकडे मारला. पडद्यावर पाहुण्यांच्या नावापुढे चारचा आकडा लागला. टाळी नाही, शिवी नाही. माणसं उठून जायला लागली होती. कठड्यावर आठ दोऱ्यांचे तुकडे तेवढे राहिले होते.

"तो पोरगा," थिओ म्हणाला. "टोबिन का कोण. चार तास गाडी हाणून बघून आलास म्हणालास."

"तो आता येणार नाही, थिओ. दुसऱ्याच कुठल्यातरी संघात जाईल."

"ते कळलं मला. तो येऊन खेळला असता, तर काय बघितलं असतं मी, ते सांग."

डेलने हात पुढे करून दाखवला. "डावीकडे वळतो ना," तो म्हणाला, "तेव्हा आधी पाय हलत नाहीत त्याचे. आधी हात जातो. चेंडू बॅटवरून सुटायच्या आतच हात तिथे पोचलेला असतो..." तो मध्येच थांबला.

"थांबू नकोस," थिओ म्हणाला, आणि नीट ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे सरकून बसला.