काकांना कोणी उचललं?

आमच्या गल्लीचा इतिहास गल्लीनेच सांगायचा असं ठरलं आणि तिथेच माशी शिंकली. पुठ्ठ्याच्या कारखान्याला आग लागली त्याला आता तीसेक वर्षं झाली. माझे काका तेव्हा तिथे वॉचमन होते. घरोघरी जाऊन त्या आगीच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि वाचनालयात प्रदर्शन मांडायचं, हे काम गल्लीतल्या शाळामास्तरांनी अंगावर घेतलं. रेकॉर्डर धरायला मी.

पहिला शिंपी. धुरात बेशुद्ध पडलेल्या वॉचमनला आपणच खांद्यावर घालून बाहेर आणलं, असं त्याने सांगितलं. ऐकून माझा ऊर भरून आला. मग न्हाव्याने तेच सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी. इस्त्रीवाल्याच्या मते काका खांद्यावर घोरत होते. पोस्टमनचा मुलगा आगीनंतर जन्मला, तरी त्यानेही काकांना उचललं होतं. महिनाभरात अख्ख्या गल्लीने उचलून झालं.

शेवटी काकांना विचारलं.

"मला कोणी उचललं नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, मेन स्विच बंद केला आणि माझ्या पायांनी बाहेर आलो. वॉचमन शेवटी निघतो. एवढं लिही, पोरी."

तेवढंच हवं होतं त्यांना. जन्मभराच्या नोकरीत सांगण्यासारखी ती एक दुपार, आणि तीही लोकांनी पळवली.

मास्तर म्हणाले, सगळ्यांविरुद्ध एकाचीच आठवण असेल तर ती तळटीपेत जाते. शिवाय बेशुद्ध माणसाला काय आठवणार? ते बेशुद्ध नव्हतेच, असं मी म्हटलं, तर तेही त्यांना आठवणार नाही म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

पण उचलणारा नेमका कोण, हे ठरवायची मास्तरांचीही छाती नव्हती. ज्याला वगळावं तो उद्या अर्धीच दाढी करून उठवायचा, नाहीतर पँट आखूड शिवायचा. म्हणून त्यांनी पेंटरकडून मोठा फळा रंगवून घेतला. ज्वाळा, एक धिप्पाड माणूस, त्याच्या खांद्यावर लोंबकळणारे काका. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी भोक. ज्याने उचललं त्याने मागून तोंड घालायचं आणि फोटो काढून घ्यायचा.

प्रदर्शनाच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली. काकाही रांगेत उभे राहिले. ही रांग उचलणाऱ्यांची आहे, असं म्हणून मास्तरांनी त्यांना अडवलं.

"मग बरोबर आहे," काका म्हणाले. "मला मीच बाहेर आणलं."

मास्तर बाजूला झाले. भोकातून काकांचा गंभीर चेहरा बाहेर आला, खांद्यावर स्वतःलाच घेऊन. मला हसूही येत होतं आणि रडूही. मी काढलेला फोटो थोडा हललाच.

संध्याकाळी मास्तरांचं भाषण आटोपेना, तेव्हा काकांनी वेळ संपल्याचं सांगितलं. आवाजच असा लावला की सगळे निमूट दाराकडे निघाले. काकांनी एकेकाला बाहेर काढलं, कोपरे पाहिले, मेन स्विच बंद केला. आम्ही रस्त्यात उभे राहून बघत होतो. काका सगळ्यांत शेवटी आले, सावकाश, आपल्या पायांनी. कुलूप लावून ओढून पाहिलं.

"आता विचार यांना," ते मला म्हणाले.

मी रेकॉर्डर शिंप्यापुढे धरला. तो खाली बघत म्हणाला, "वॉचमन शेवटी निघाला." मग न्हावी तेच बोलला, मग डॉक्टरीणबाई, मग सगळी रांग, मास्तरांसकट. पोस्टमनच्या मुलाने मात्र कुलूप आपणच लावलं असं सांगितलं. ते काकांनी राहू दिलं.