दुसरी नजर

चर्चमध्ये प्रवचन रंगात आलं होतं आणि डोरोथीच्या पर्समधला फोन थरथरत होता. थांबला, पुन्हा थरथरला. शेजारी बसलेल्या नॉर्मनने, तिच्या नवऱ्याने, डोळे वटारले. तिने पर्समध्ये डोकावून नाव वाचलं आणि तशीच उठली. लोकांचे गुडघे चुकवत, पुटपुटत माफी मागत ती बाहेर अंगणात आली.

फोन अचोलचा होता. गेल्या आठवडाभरात तिचा काही पत्ता नव्हता.

अचोल दक्षिण सुदानची. देश स्वतंत्र झाला तेव्हा ती शाळेत होती. पुढे तिच्या नदीकाठच्या गावात रक्तपेढी उभारायची ठरली आणि चार-पाच देश मदतीला आले. कुणी इमारत बांधून दिली, कुणी फ्रिज आणि छतावरची सोलरची पॅनलं दिली, कुणी सल्लागार डॉक्टर पाठवले. माणसं तयार करण्याचं काम दोह्यातल्या एका हॉस्पिटलकडे आलं. तिथल्या रक्तपेढीत वसईची डोरोथी डाबरे कित्येक वर्षं टेक्निशियन होती. अचोल वर्षभर तिच्या हाताखाली शिकली आणि दर शुक्रवारी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्यांच्या घरी सुरमईचं कालवण-भात जेवून गेली. डोरोथी तिला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायची. रक्त वाटपाच्या खिडकीबाहेर जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी ते बघायचंच. माणूस दमला की त्याला जे हवं असतं तेच दिसतं.

मग तिकडे गोळीबार सुरू झाला. सल्लागारांना विमानाने हलवलं. डोरोथीने प्रकल्पाच्या दोह्याजवळच्या लुसैलमधल्या ऑफिसात फोन केला, तर तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, प्रोजेक्ट सध्या होल्डवर आहे, ती रक्तपेढी बंदच समजा.

आता स्क्रीनवर अचोलचा घामाने निथळलेला चेहरा होता आणि तिच्यामागे फ्रिज गुरगुरत होता.

"मिस डोरोथी, आम्ही बंद केलं नाही," ती म्हणाली आणि लगेच मुद्द्यावर आली.

एक बाई नुकतीच बाळंत झाली होती. रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या गटाचं रक्त फ्रिजमध्ये होतं. पण कुठल्याही पिशवीशी ताडून पाहिलं की नळीत गुठळ्या दिसत होत्या. बाई बरेच दिवस तापाने आजारी होती. अशांचं रक्त कधीकधी गारव्याने चिकटतं, हे अचोलला आठवलं. वीज जेमतेम फ्रिजला पुरत होती, म्हणून नळ्या गरम करायचं यंत्र बंद होतं. तिने नळ्या स्वतःच्या काखेत धरून उबेवर आणल्या, सलाइन कोमट केलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. आता गुठळ्या दिसत नव्हत्या.

"निदान मला दिसत नाहीत. पण मी कालपासून झोपले नाहीये, आणि बघायला इथे दुसरं कुणी नाही."

त्या प्रकल्पाशी तिचा आता कागदोपत्री काही संबंध नव्हता. हो म्हणून चूक झाली तर तिच्या शब्दावर एक बाई जाणार होती. नाही म्हणाली तर ती बाई रक्त शेजारी असून जाणार होती. नॉर्मन मागोमाग बाहेर आला होता. उन्हात स्क्रीन दिसेना, तेव्हा त्याने दोन्ही तळहात फोनवर छपरासारखे धरले.

"नळी खिडकीपाशी धर. हळूहळू तिरकी कर," डोरोथी म्हणाली.

चित्र गोठलं. परत आलं. काचेवरून लाल धार एकसंध घसरत खाली आली.

"पुन्हा एकदा. आता दुसऱ्या पिशवीची दाखव."

त्या नळीतली धारही तशीच एकसंध उतरली.

"तुला काय दिसतं?"

"साफ आहे."

"मलाही साफ दिसतंय. पिशवी पोटाशी धर, गारवा जाऊ दे, मग लाव. सुरुवात थेंबाथेंबाने कर आणि तिच्याजवळून हलू नकोस."

अचोलने मान हलवली आणि लाइन तुटली.

घरी आल्यावर डोरोथीने कितीतरी वेळा फोन लावून पाहिला. लागला नाही. तिची मुलगी ॲश्लिन येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मम्मी, यू डिड व्हॉट यू कुड." डोरोथीने मान डोलावली, पण नजर फोनवरच ठेवली. नॉर्मन चहा घेऊन आला आणि तिच्यासमोर बसला.

"डोरा, चुकलं असलं तर?"

"तर दोघींचं चुकलं," ती म्हणाली. "तिचं एकटीचं नाही."

उन्हं कलल्यावर अचोलचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला, मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. रक्त थांबलंय, ती सांगत होती. बाईने आधी पाणी मागितलं, आणि मग विचारलं, मुलगा की मुलगी.

डोरोथीने तो निरोप नॉर्मनला ऐकवला, ॲश्लिनला ऐकवला, आणि मग मटकन खाली फरशीवर बसून हसू लागली. हसता हसता डोळे पुसू लागली.

पुढे काही महिन्यांनी तिकडचं वातावरण निवळलं. सल्लागार परतले. रक्तपेढी पुन्हा कशी सुरू करायची याची योजना घेऊनच ते गेले होते. तिथे वाटपाच्या खिडकीपाशी रक्त न्यायला आलेल्यांची रांग बघून त्यांनी योजना बॅगेतच ठेवली म्हणे. हे अचोलनेच सांगितलं, जराही ताठा न दाखवता. डोरोथीने तिला म्हटलं, अडलं तर कधीही फोन कर. ती म्हणाली, करेन की. पण तशी वेळ येत नाही आता, मी गावातल्या दोन मुलींना शिकवलंय.

डोरोथीला बरं वाटलं. थोडं रिकामंही वाटलं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही.

ईस्टरला अचोलने एक फोटो पाठवला. एक मुलगी खिडकीच्या उजेडात नळी तिरकी धरून उभी होती आणि दुसरी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. अचोल मागे भिंतीपाशी होती, हात पाठीमागे बांधून. डोरोथीने बोटांनी फोटो मोठा केला. अचोल नळीकडे बघतच नव्हती. ती त्या दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत होती.