हॉलमधला कॉम्प्युटर

शिकवणीवाल्या बाईंचा एक मोठा गुण होता. त्यांना चूक लगेच दिसायची. अर्थात, समोरच्याची. एखादं मूल बेरजेत हातचा विसरलं की बाईंचा आवाज स्क्रीन फाडून पलीकडे पोचायचा.

घरात कॉम्प्युटर एकच, तोही हॉलमध्ये. सकाळी सासरे त्यावर बातम्या वाचत, संध्याकाळी बाई ऑनलाइन गणित शिकवत आणि सगळ्यांचं उरकलं की दीर नोकरीच्या जाहिराती धुंडाळत बसे. मग काय झालं कोण जाणे, ब्राउझर बहकला. शोधावं एक आणि उघडावं भलतंच. एकदा बाईंनी मुलांना स्क्रीन दाखवत कोनमापकाचं चित्र शोधलं, तर समोर जुगाराची जाहिरात आणि तिच्यात अंगभर कपडे घालायला विसरलेली एक बया. एका मुलाची आई मागेच बसली होती. तिने दुसऱ्या दिवशी मुलाला शिकवणीतून काढलं आणि चार घरी सांगितलंही.

बाईंनी घर डोक्यावर घेतलं. सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं.

"हे कुणाचे धंदे आहेत ते मला आत्ता कळलं पाहिजे. कर नाही त्याला डर कशाला? बोला!"

म्हणाल्या सगळ्यांना, पण बघत होत्या दिराकडे. नोकरी गेलेला, लग्न न झालेला, उशिरापर्यंत जागणारा. आणखी पुरावा कशाला हवा? नवरा पंख्याकडे बघत राहिला. सासऱ्यांनी मान खाली घातली. दिराने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी केलं, वहिनी. चुकलं माझं."

पुढे त्याला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं, दुकानामागेच खोलीही मिळाली आणि तो गेला. जाताना कुणी थांब म्हटलं नाही. सासऱ्यांनी कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं. बिचाऱ्यांना लेकाची लाज वाटत असेल, असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलं.

दीर गेला, पण ती जाहिरात काही जाईना. "घाण करून गेला, आता निस्तरा," असं पुटपुटत एका सुट्टीच्या दिवशी बाईंनी कंबर कसली. मोबाइलवर वाचत वाचत त्यांनी ओळखीचे नसलेले प्रोग्राम काढले, कॉम्प्युटर स्कॅन केला, ब्राउझर मुळापासून उपटून नवा घातला. शोधलं तेच उघडू लागलं. बाईंनी सासऱ्यांना बळेबळे खुर्चीत बसवलं. काही दिवस ते भीत भीत बातम्या वाचत राहिले, पण भलतंसलतं काही आलं नाही. घरातली कीड मी माझ्या हाताने काढली, असं बाईंनी बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा.

मग शिकवणीसाठी जुने बुकमार्क हवेत म्हणून बाईंनी ब्राउझरमध्ये आपलं लॉगिन केलं. बुकमार्क आले, पासवर्ड आले आणि त्यांच्यामागोमाग कोपऱ्यात लाल टाचणीचं एक चित्र आलं. बाईंनी कोनमापक शोधला. जुगाराची जाहिरात उघडली.

त्यांनी लॉगआउट केलं, जाहिरात बंद. पुन्हा लॉगिन केलं, पुन्हा टाचणी आणि पुन्हा तीच बया. हे दुखणं बाईंच्या खात्याबरोबर येत होतं. आणि ती टाचणी त्यांना चांगली आठवत होती. मुलांच्या सरावाची पानं एकत्र जोडायला काहीतरी फुकट मिळतंय म्हणून ब्राउझरला जोडायचं ते एक्स्टेंशन त्यांनीच घेतलं होतं. 'तुम्ही उघडता ती सगळी पानं मी वाचू आणि बदलू का?' असं त्याने रीतसर विचारलंही होतं. 'आधी प्रश्न नीट वाचा रे' म्हणून रोज घसा फोडणाऱ्या बाईंनी न वाचताच 'हो' दाबलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि त्या वळशात घरातला एक माणूस बाहेर गेला होता.

टाचणी चुटकीसरशी निघाली. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलं तर जन्मात कुणाला कळणार नाही, असं मनात येऊन गेलं, आणि ते आलं याचीच बाईंना सगळ्यात जास्त लाज वाटली. त्या तशाच चपला घालून निघाल्या.

दुकानात दीर भिंगाची कड चाकावर घासत होता. मालक होते, दोन गिऱ्हाइकं होती. बाईंनी आडोसा शोधला नाही. आळ कुठे आडोशाला घेतला होता?

"भावजी, ते माझ्या हातून झालं होतं. मीच घेतलेल्या एका एक्स्टेंशनमुळे. तुम्ही काही केलं नव्हतं."

दिराने चाक बंद केलं. "मी काही केलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे, वहिनी."

"मग हो का म्हणालात?"

"बाबांची मान बघितलीत का तेव्हा? मला वाटलं, त्यांनीच काहीतरी... आई गेल्यापासून एकटेच असतात. मी नाही म्हटलं असतं, तर पुढे तुम्ही त्यांना विचारलं असतं. सगळ्यांसमोर."

विचारलं असतं का? असतं. बाईंना तोंड वर करवेना.

"घरी चला," त्या कशाबशा म्हणाल्या.

"येतो संध्याकाळी. पण आधी बाबांना सांगा."

सासरे खिडकीशी बसले होते. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं, काही न गाळता.

"म्हणजे माझ्या हातून नाही झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"बातम्या वाचताना मध्येच ते घाणेरडं उघडायचं. मी घाबरून दिसेल ते बटण दाबायचो. वाटलं, मीच बिघडवला. तो 'मी केलं' म्हणाला ना, तेव्हाच मला कळलं होतं की खोटं बोलतोय. माझ्याकडे बघूनच बोलला तो."

"मग तुम्ही..."

"गप्प बसलो. सुटलो, असं वाटलं गं मला. पोटचा पोर घर सोडून गेला, तरी गप्पच बसलो."

"भावजी येणार आहेत संध्याकाळी," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं आणि मग सुनेकडे.

"तू आत्ता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस ना?"

"हो."

"मग मला सांग बाळ, सुरुवात कशी करायची?"