निम्मं पळायचं, निम्मं फेकायचं

आमचे मुख्य कोच व्हर्लिन टटल शब्दाचे पक्के. इतके पक्के, की कधीकधी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून हलवावंसं वाटतं. पण त्या नोव्हेंबरात मी गप्प होतो. कारण त्यांची नोकरी जायच्या बेतात होती आणि तिच्या मागोमाग माझी. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये मुख्य कोचला काढलं की सहायकांना वेगळं काढावं लागत नाही, ते त्याच पोत्यात असतात.

ड्राय फोर्क कॉलेजात आमचा तिसरा हंगाम चालला होता. दोन वर्षं बरी गेली, तिसऱ्या वर्षी आम्ही हरतच सुटलो. मग आमच्या नेब्रास्कात जे होतं ते झालं. एका सकाळी टटलांच्या अंगणात कुणीतरी 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकून गेलं. टटलांच्या बायकोने, नॉर्माने, ती उपटली आणि तिच्यावर कुत्र्याचं भांडं ठेवलं. बाई खमकी. पण कॉलेजच्या क्रीडा-प्रमुख आर्डिथ क्रेब्स यांनीही तेच सांगितलं, फक्त पाटी न लावता. शेवटचा सामना मार्बल सिटीशी, तो जिंका, नाहीतर नमस्कार.

आमच्या घरी त्या आठवड्यात जेवायला बसणंसुद्धा अवघड झालं होतं. माझी मुलगी मेरन सतरा वर्षांची. माझ्या नोकरीपायी तिच्या पाच शाळा झाल्या, ही सहावी. पुढचं वर्ष शाळेचं शेवटचं. ते तिला इथेच काढायचं होतं, आणि ते आता माझ्या हातात होतं. म्हणजे खरं तर टटलांच्या हातात होतं, हेच तर दुखणं.

"डॅड, खरं सांग. हरलात तर कुठे जायचं?"

"अजून हरलो नाही."

"ते नाही विचारलं मी."

"आधी जेव," जोलीन म्हणाली. जोलीन माझी बायको. "राजम्याची चिली गार होतेय, आणि दालचिनीचा रोल तुझे वडील पळवतील."

"पळवू देत. त्यांच्या संघाला तेवढंच येतं," मेरन म्हणाली आणि उठून गेली.

पोरीने बरोबर वर्मावर बोट ठेवलं. टटल जुन्या वळणाचे. चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या गर्दीत डोकं घालून पळायचं, हाच त्यांचा खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात. दर वेळी तीन यार्ड रेटले तर झालं, असं त्यांचं गणित. मी मात्र फेकीचा माणूस. तीन वर्षं मी त्यांच्या कानीकपाळी ओरडतोय, कोच, चेंडू हवेतून लांबही जातो. ते म्हणायचे, हवेत गेला की तो कुणाचाही असतो.

मग गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये संघाला वर्गणी देणाऱ्यांचा नाश्ता झाला. ट्रॅक्टरचे डीलर डॉइल वेसल पॅनकेक खाता खाता उभे राहिले. त्यांनी कुठेतरी आकडे वाचले होते.

"टटल, तुम्ही नुसते पळत सुटता. जिंकणाऱ्या संघांचे आकडे बघा जरा. निम्मं पळतात, निम्मं फेकतात. समतोल!"

आता जिंकणारे संघ शेवटी शेवटी पळतात ते पुढे असतात म्हणून, वेळ काढायला. हरणारे फेकत सुटतात ते मागे असतात म्हणून. आकडे निम्मे-निम्मे झाल्याने कुणी जिंकत नाही. हे मी सांगणार होतो, पण तोंडात सॉसेज होतं. तेवढ्यात टटल उठले.

"ठीक आहे. शनिवारी निम्मं-निम्मं. माझा शब्द."

आर्डिथबाईंनी कॉफीचा कप वर करून मान डोलावली. मला तर आतल्या आत उकळ्या फुटत होत्या. एकदाची फेकाफेकी सुरू होणार!

शनिवारी वारा असा सुटला होता, की बँडवाल्यांच्या टोप्या कुंपणाला जाऊन चिकटत होत्या. माझी जागा वर, मैदानाच्या माथ्यावरच्या लाकडी खोलीत. तिथून सगळं मैदान दिसतं. जे दिसेल ते मी कानावरच्या फोनवरून खाली टटलांना सांगायचं, आणि निर्णय त्यांनी घ्यायचा. पलीकडच्या खोलीत रेडिओवर सामना सांगणारा अर्विन स्नेव्हली असतो. आमच्यामध्ये प्लायवूडची एक फळी. अर्विन शिंकला तर मी 'गॉड ब्लेस यू' म्हणतो.

सुरुवात बरी झाली. पळालो, फेकलं, पळालो, फेकलं, आणि चक्क टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेघेपार, सहा गुण. मी खुर्चीतून उठलोच. पण नंतर गाडं अडलं ते अडलंच. फेकायला जावं तर मार्बल सिटीची पोरं मागे पसरून वाट बघत असायची. पळायला जावं तर झाडून सगळी पुढे येऊन भिंत करायची. मी वाऱ्याला शिव्या दिल्या. मग आमच्या कोल्बीला दिल्या. प्रत्येक वेळी चेंडू त्याच्याच हातात येतो आणि तोच तो फेकतो किंवा पळणाऱ्याला देतो, म्हणून शिव्याही त्यालाच.

तेवढ्यात फळीपलीकडून अर्विनचा आवाज आला, "आता फेकणार बघा, मंडळी." कोल्बीने फेकला.

"आता पळणार." पळाला.

"आणि आता पुन्हा फेक."

मी कानावरचा फोन बाजूला सरकवला. एक गोष्ट सांगायला हवी. अर्विनचा अंदाज बरोबर येणं ही आमच्या गावात बातमी असते. हा माणूस लग्नाला जाऊन नवऱ्या मुलाऐवजी त्याच्या भावाचं अभिनंदन करून आलेला आहे. आणि तो लागोपाठ बरोबर सांगत होता, तेही चेंडू हलायच्या आधी! टटल अगदी पाळीपाळीने, एक पळ, एक फेक, एक पळ, एक फेक, असं करत होते. दूध मोजून घालावं तसा त्यांनी शब्द पाळायला घेतला होता.

मध्यंतराला आम्ही अकरा गुणांनी मागे. मी जिने उतरत धावत सुटलो आणि टटलांना कपडे बदलायच्या खोलीबाहेर गाठलं.

"कोच, ते आपल्याला ओळखतायत."

"कोण?"

"मार्बल सिटीवाले. आणि अर्विन."

"अर्विनला स्वतःची गाडी ओळखता येत नाही."

"तेच तर! तरी त्याचा एकही अंदाज चुकलेला नाही. एक पळ, एक फेक. शेंबड्या पोराला कळेल, कोच!"

टटल कानापर्यंत लाल झाले. "लायल, मी शब्द दिलाय. चर्चमध्ये."

"चर्चच्या हॉलमध्ये. पॅनकेक खाताना."

"देव हॉलमध्येही असतो."

"असेल. पण शब्द काय दिलात? निम्मं-निम्मं. पाळीपाळीने असं कुठे म्हणालात?"

आतून पोरांच्या बुटांचा आवाज येत होता.

"पुन्हा बोल."

"सामना संपताना बेरीज जुळली म्हणजे झालं. आधी सलग पळा, मग सलग फेका, मध्येच उलटं करा. शब्द कुठे मोडतो?"

"मग हे मला काल का नाही सांगितलंस?"

"मला काय माहीत तुम्ही असं करणार आहात! मला वाटलं, लोकांना बरं वाटावं म्हणून बोललात."

"मी लोकांना बरं वाटावं म्हणून कधी बोललोय का?"

"नाही," मी म्हणालो. "तिथेच चुकलो."

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. टटलांनी पळायला सुरुवात केली आणि पळतच राहिले. आमचा मॅलिक बूकर, खांदे दरवाजाएवढे, तो पुन्हा पुन्हा चेंडू घेऊन घुसत होता. फळीपलीकडे अर्विन दर वेळी सांगायचा, आता फेक, आता तरी फेक, आणि दर वेळी तोंडावर पडायचा. मार्बल सिटीची पोरं चिडली आणि सगळी पुढे सरकली.

"कोच, मागे कुणी उरलं नाही," मी फोनवर ओरडलो.

"दिसतंय मला," ते म्हणाले, आणि कोल्बीने चेंडू असा लांब फेकला की आमच्या गड्याला तो झेलून नुसतं चालत जायचं होतं. मग फेक, पुन्हा फेक, मध्येच एक पळ. तीच पोरं, तेच डाव, पण आता समोरच्यांना पुढे यावं की मागे जावं ते कळेना. खरं सांगतो, तीन वर्षांत पहिल्यांदाच टटलांची पळ मला आवडली. तिच्याशिवाय माझी फेक काही कामाची नव्हती.

तरी शेवटाला आम्ही चार गुणांनी मागेच होतो. घड्याळात एका डावापुरताच वेळ उरलेला, आणि शेवटची रेघ चार यार्डांवर. तीन गुणांची किक मारून काही होणार नव्हतं. रेघ ओलांडायची, नाहीतर सामान बांधायचं. टटलांनी खेळ थांबवून घेतला. फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"लायल, एक भानगड झालीय."

"काय झालं?"

"बेरीज बरोबर निम्मी-निम्मी आहे. आता पळालो तरी शब्द मोडतो, फेकलं तरी मोडतो."

मला हसावं की केस उपटावेत कळेना. "कोच, काहीतरी एक करावंच लागेल!"

"करू की. तू कुठे कुणाला शब्द दिला होतास?"

"मी? नाही."

"मग तू सांग. तू म्हणशील ते करतो."

चाळीस वर्षं या माणसाने साधं नाणं उडवायचं कामसुद्धा दुसऱ्याला दिलं नसेल. फळीपलीकडे अर्विन म्हणत होता, "मंडळी, मला विचारू नका. देवाशपथ, मला काहीही कळत नाहीये."

मला फेक हवी होती. तीन वर्षं मी झोपेत हाच डाव फेकून जिंकत आलो होतो. पण खाली बघितलं तर मार्बल सिटीची मधली दोन पोरं टाचांवर उभी होती, एकमेकांकडे बघत, मागे पळायच्या तयारीत.

"पळ," मी म्हणालो. "बूकरला मधून घुसवा."

"नक्की?"

"नक्की, कोच. लवकर, माझा विचार बदलायच्या आत."

कोल्बीने फेकल्यासारखा हात वर नेला, ती दोघं मागे सरकली, आणि चेंडू बूकरच्या पोटाशी गेला. मग नुसता ढिगारा. वीस-बावीस माणसं एकमेकांवर. पंच एकेकाला उचलून बाजूला करत होते आणि अख्खं गाव श्वास रोखून उभं होतं. सगळ्यात खाली बूकर निघाला, चेंडू पोटाशी, आणि त्याच्या खाली पांढरी रेघ. पंचाने दोन्ही हात वर केले, म्हणजे टचडाउन! मी खोलीच्या जमिनीवर बसलो आणि फळीवर डोकं टेकलं. पलीकडून अर्विन किंचाळत होता, "मी सांगत होतो! मी सांगत होतो!"

मी खाली पोचलो तेव्हा टटल गर्दीतून डॉइल वेसलना शोधत होते. सापडल्यावर टोपी काढून म्हणाले, "डॉइल, माफ कर. एक पळ जास्त झाली."

डॉइलने त्यांना उचलूनच घेतलं. "अरे खड्ड्यात गेलं ते निम्मं-निम्मं!"

आर्डिथबाई आल्या, टटलांचा हात हातात घेतला. "व्हर्लिन, पुढच्या वर्षीही तुम्हीच. तुमची माणसंही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरी सांगा." मी बाईंना मिठी मारली. असं करायचं नसतं, पण मारली.

मेरन मैदानातून धावत येत होती. तिच्या मागे जोलीन, डोळे पुसत.

"राहतोय?" मेरनने लांबूनच ओरडून विचारलं.

"राहतोय!"

ती येऊन माझ्या छातीवर आदळली आणि मोठ्याने रडायला लागली. पाच शाळा सोडताना ही पोरगी एकदाही रडली नव्हती. गाडीत बसायची, खिडकीबाहेर बघायची, बस. मी घाबरलो. आजूबाजूला सगळं गाव, बँडची पोरं, तिच्या वर्गातल्या मुली, सगळे बघत होते.

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत," ती माझ्या कोटात तोंड खुपसून म्हणाली. "आपलेच आहेत सगळे."

मग मीही रडून घेतलं.