बटणांचा तास

आमची मालिका बंद पडली तेव्हा मी एका शर्टाचं तिसरं बटण लावत होते. हे इतकं नेमकं लक्षात आहे, कारण त्याच शर्टाने पुढे माझी आणि सगळ्यांचीच अब्रू घालवली.

आम्ही शाळांचे गणवेश शिवतो. लांबट खोली, दोन रांगांत नऊ मशीनं, एका टोकाला कटिंग मास्तरांचं टेबल आणि दुसऱ्या टोकाला काचेमागे बाईंची केबिन. बाई म्हणजे मालकीण. कपाटावर एक छोटा टीव्ही आहे. आदल्या संध्याकाळी झालेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला पुन्हा दाखवतात, आणि दीडला आमची मशीनं थांबतात, कारण त्यांच्या खडखडाटात एक शब्द ऐकू येत नाही. बाईंचे वडील असताना त्यांनीच हे ठरवून दिलं होतं. बघायचं तर बघा, पण हात रिकामे ठेवायचे नाहीत. तेवढ्या वेळात सगळ्यांनी बटणं लावायची. चौदा वर्षं आम्ही त्याला बटणांचा तास म्हणतो. असतो अर्धाच तास, पण तक्रार कोण करणार?

काकू मात्र दिवसभर बटणंच लावतात. सत्तरी ओलांडली आहे. मशीनवर बसणं डोळ्यांनी कधीच सोडायला लावलं, आता सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. म्हणून सकाळी आत येणारी प्रत्येक जण आधी एक सुई ओवते, त्यांच्या सुयांच्या उशीला टोचते आणि मग आपल्या मशीनकडे जाते. काकू खिडकीशी, उजेडाकडे तोंड आणि टीव्हीकडे पाठ करून बसतात. मालिका त्या नुसती ऐकतात. कोणाच्या पावलांचा आवाज कसा हेसुद्धा त्यांना ठाऊक असतं, आणि आम्ही डोळे फाडून बघत असताना आमच्याआधी त्या सांगतात की आता धाकटीचा नवरा आत येतोय.

मालिका दोन बहिणींची होती. धाकटी रुसून घरातून निघून गेली आणि थोरली चौदा वर्षं तिला शोधत राहिली. मधल्या काळात थोरलीच्या गळ्यात एक तोतया धाकटी मारली, ती दोन वर्षं आमच्या डोक्यावर बसली होती. एकदा थोरलीची स्मृती गेली, तेही आम्ही पदरात घेतलं. आपल्याच माणसांच्या चुका असतात, असं म्हणून सोडून दिलं. आणि त्या गुरुवारी थोरलीला खरा पत्ता मिळाला. ती तीन मजले चढली. दारावर थाप मारली. आत कडी वाजली, दार वीतभर उघडलं, एक हात दिसला, आणि चित्र तिथेच गोठलं. खाली पट्टी आली: मालिका येथे आपला निरोप घेत आहे, प्रेक्षकांचे मनःपूर्वक आभार. लगेच कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात.

पट्टी काकूंना दिसणं शक्यच नव्हतं. त्या मान न वळवता म्हणाल्या, "दार कोणी उघडलं?"

मला इथे लवंगी म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. मी तिथल्या तिथे वाहिनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. मी विचारलं, दारात कोण होतं? ती म्हणाली, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. मी म्हटलं, तक्रार नाही, प्रश्न आहे. तुम्हाला माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला द्या. तिने पुन्हा नोंदवून घेतलं. त्या जागी सोमवारपासून नाचाची स्पर्धा आहे, तीही जरूर बघा म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षं आमच्या दुपारी घेतल्या आणि निरोप द्यायला एक पट्टी? तीही खालून सरकणारी?

मास्तर आजवर शपथेवर सांगत आले होते की आपण मालिका बघत नाही, फक्त चेहरा त्या बाजूला असतो. त्या दिवशी त्यांनी कात्री टेबलावर आपटली आणि म्हणाले की तीन मजले चढायला लावून हे लोक एक दार उघडू शकत नाहीत म्हणजे हद्द झाली. त्यांचं पितळ उघडं पडलं, पण हसायच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं.

खरा गोंधळ चार वाजता कळला. शर्टांना घड्या घालायला घेतल्या तर एकही उघडेना. त्या अख्ख्या अर्ध्या तासात आमचे सगळ्यांचे डोळे पडद्याला चिकटलेले, त्यामुळे सुया शर्टाच्या समोरच्या दोन्ही पट्ट्यांतून आरपार गेल्या होत्या. एकेचाळीस शर्ट समोरून शिवून बंद. डोकं घालायला वाट नव्हती. नीट होते ते फक्त काकूंचे, कारण त्यांची बोटं कधी बघतच नाहीत, चाचपतात. तो सगळा ढीग उसवायला आम्हाला सात वाजले. बाई केबिनच्या दारात उभं राहून बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी काही हलत नव्हती.

पण शुक्रवारी बाईसुद्धा आमच्याच बाजूने होत्या. त्याही घरी संध्याकाळचा भाग बघायच्या. वाहिनीला पत्र लिहायचं ठरलं. काकू म्हणाल्या, "आपण अर्धवट कपडा कधी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला नाही. यांनी ठेवला." त्यावरून मला सुचलं की पत्रासोबत शर्ट पाठवायचा. कॉलर, कफ, खिसा सगळं झकास, पाच बटणं काकूंच्या हातची, आणि सहाव्या जागी नुसती सुई, ओवलेली, दोऱ्याला लोंबकळत. तुमचं काम असं दिसतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे.

पत्र मी लिहीत गेले आणि प्रत्येकीने आपापली ओळ सांगितली. सगळ्यात जळजळीत ओळ बाईंची होती. बाई टेबलावर बोट आपटून म्हणाल्या, लिही: "ज्यांनी इतकी वर्षं साथ दिली, त्यांना निदान समोर येऊन सांगायची तरी माणुसकी ठेवा." खाली त्यांनी पहिली सही ठोकली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला त्या क्षणी बाई फार आवडल्या.

संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्या म्हणाल्या की मालिका तर संपली, आता तो अर्धा तास उगाच कशाला मोडायचा. दीडलाही मशीनं चालू राहतील. कालच्या एकेचाळीस शर्टांनी त्यांचे डोळे उघडले होते. बटणं लावायचं मशीन त्यांनी बघून ठेवलं होतं, एक तारखेला येणार होतं. म्हणजे मग काकूंना काही काम राहत नाही. बाई केबिनच्या खिडकीतून बाहेर बघत बोलत होत्या.

"त्यांना तू सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी त्यांचं जमतं. शनिवारी जाता जाता, हळूच."

मी काय केलं असेल? लवंगी म्हणवून घेणारी मी, वाहिनीच्या मुलीला फाडून खाणारी मी, "बरं" म्हणाले आणि बाहेर आले. माझीच मला लाज वाटते. पण घरी दोन लेकरं आहेत आणि नवऱ्याची पाठ अधू झालीय, अशा वेळी तोंडाला आपोआप कुलूप लागतं.

शनिवारी सकाळी मी काकूंची सुई ओवून उशीला टोचली आणि "ओवली हो" एवढंच म्हणाले. काकूंनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. "काय गं, बरं नाही का?" म्हणाल्या. मग दारात कोण असेल यावर बोलू लागल्या. त्यांचं ठाम मत होतं की धाकटीच होती, कारण कडी काढताना तिचा हात नेहमी एकदा घसरतो आणि तो आवाज त्यांनी ऐकला होता. घरी त्या एकट्या असतात. इथे बोललेलंच दिवसभराचं बोलणं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पाच वाजता जाता जाता, हळूच, त्यांना मी काय सांगणार होते? की एक तारखेपासून तुमच्या उशीला कोणी सुई टोचणार नाही? निरोप घेत आहोत, मनःपूर्वक आभार?

एक वाजता मी पार्सल बांधायला घेतलं. शर्टाची घडी घातली, वर पत्र ठेवलं, आणि बंद करण्याआधी एकदा वाचून काढावं म्हणून वाचत गेले. बाईंच्या ओळीपाशी आले आणि पुढे जाता येईना. तीच ओळ मी तीनदा वाचली. मग राग आला. असा आला की लेकरं, पाठ, सगळं मागे पडलं. आधी बाईंचा आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

मी पत्र उचललं, केबिनमध्ये गेले आणि बाईंच्या समोर ठेवलं. दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"बाई, हे पार्सल कुठे पाठवू?" मी विचारलं. "वाहिनीला पाठवायचं, की इथेच ठेवायचं?"

त्यांना आधी कळेना. मी त्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, खालची स्वतःची सही बघितली आणि कान लालबुंद झाले. मला वाटलं आता काकूंबरोबर माझंही सामान गुंडाळलं जाणार. मी म्हटलं की मशीन तुमचं, कारखाना तुमचा, आणायचं ते आणा. पण पट्टी सरकवायचं काम मी करणार नाही. माझा आवाज चढलेला होता. बाहेर एकेक मशीन थांबत गेलं. घड्याळात दीड वाजत होता, त्यामुळे ते माझ्यासाठी थांबलं की सवयीने, देव जाणे.

बाई उठल्या. सगळ्यांच्या मधून चालत खिडकीपाशी गेल्या आणि काकूंच्या समोर स्टूल ओढून बसल्या. त्या फ्रॉक घालून वडिलांचं बोट धरून इथे यायच्या तेव्हापासून काकूंनी त्यांना पाहिलेलं.

"काकू, एक तारखेला बटणांचं मशीन येतंय," बाई म्हणाल्या. "तुमचं काम संपतंय. हे मीच तुम्हाला सांगायला हवं होतं."

काकूंचा हात थांबला. मला बाजूने त्यांचा चेहरा दिसत होता आणि तो बघवत नव्हता. त्यांनी सुई उशीला खोचली, मांडीवरचा शर्ट हाताने सारखा केला, सगळी बटणं एकेक करून चाचपली.

"समोर बसून सांगितलंस, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आता माझंही ऐक. मोठ्या शाळेचे चारशे शर्ट कापून तयार आहेत ना? ते शिवून झाले की सगळे माझ्याकडे द्यायचे. मशीनला लावायचे नाहीत. चारशेव्या शर्टाचं शेवटचं बटण लावीन आणि माझी मी उठून जाईन. मधेच दार लावून घ्यायचं नाही."

बाईंनी होकार दिला. उठताना त्यांनी उशीवरची एक रिकामी सुई घेतली, उजेडात धरली आणि ओवून परत खोचली. पहिल्या फटक्यात जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं.

शर्टाचं पार्सल वाहिनीला गेलं. तीन आठवड्यांनी ते परत आलं, आत एक छापील कार्ड: आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. सहावं बटण लावलेलं नव्हतं, आणि निर्लज्जांनी सुई मात्र ठेवून घेतली होती. नाचाची स्पर्धा आम्ही अजून एकदाही लावलेली नाही. मरेपर्यंत लावणार नाही.

मशीन एक तारखेला आलं. दोन मिनिटांत एक शर्ट हातावेगळा करतं, आवाज घाण आहे. त्यावर बाकीच्या शाळांचं काम होतं. दीडला मात्र ते आणि सगळीच मशीनं थांबतात. टीव्ही बंद असतो, आम्ही बटणं घेऊन बसतो आणि दारात कोण होतं यावर भांडतो. मास्तरांचा पक्ष तोतया धाकटीचा आहे. काकू त्यांना उभ्या उभ्या सोलून काढतात.

काकूंच्या डावीकडे शर्टांचा ढीग असतो. मी येता-जाता त्यात दुसऱ्या शाळेचे दोन-तीन सरकवते. कापड वेगळं आहे, बोटांना कळायलाच हवं, पण मी सरकवते. मला वाटायचं हे मी एकटीच करते. मग एकदा मास्तरांना बगलेतून पाच काढताना बघितलं. आणि परवा बाई केबिनमधून निघाल्या, काकूंच्या मागून गेल्या, हातातले चार ढिगावर ठेवले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं.

काल महिनाअखेर होती. बाई खिडकीशी थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "काकू, चारशेतले अजून किती राहिले?"

काकूंनी ढिगावर हात फिरवला. दोन बोटांत वरच्या शर्टाचं कापड चोळून बघितलं, खालच्याचंही बघितलं.

"दोनशे दहा," त्या म्हणाल्या.

गेल्या महिनाअखेरीलाही दोनशे दहाच होते. बाई म्हणाल्या, बरं, सावकाश होऊ द्या, आणि आत निघून गेल्या.