काचेवरची कोरी जागा

ऊन हा माझ्या धंद्याचा वैरी. लोकांच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाक्या सांभाळतो मी, आणि अर्धं आयुष्य एकच वाक्य ओरडण्यात गेलं: खिडकीला पडदा लावा. टाकीवरचे दिवे ठरल्या वेळी बंद करता येतात, उन्हाला कोण बंद करणार? ऊन आलं की काचेवर आधी तपकिरी साय धरते, मग हिरवं शेवाळ, आणि मग गिऱ्हाईक मलाच विचारतं, तुम्ही नीट घासत नाही का? पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातला सगळ्यात पालथा घडा म्हणजे माझे भाऊजी. निवृत्त झाल्यावर भलीमोठी टाकी घेतली आणि ठेवली कुठे, तर पश्चिमेच्या खिडकीसमोर. खिडकीबाहेर रिकामी जागा, ऊन थेट काचेवर. पडदा लावा म्हटलं तर म्हणाले, "खारट, तुझ्या ताईला खिडकी उघडी लागते. आणि माझी पाठ काय कमी रुंद आहे?" मला ते खारटच म्हणायचे. खरंच, रोज दुपारी ऊन आलं की ते खिडकीकडे पाठ करून, टाकीला नाक लावून उभे राहायचे. ऊन सरकेल तसे तेही सरकायचे. आतल्या जोकर माशांची जोडी त्यांच्यासमोर नाचायची. मी त्यांना चालता पडदा म्हणायचो.

भाऊजी गेले. ताईने त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "माझा तिथे पाय उचलत नाही," ती म्हणाली. "पण त्यांचे मासे मरू देऊ नकोस."

खाणं टाकणारं यंत्र बसवलं, दिव्यांचे तास निम्मे केले आणि दर आठवड्याला जाऊ लागलो. पहिल्याच खेपेला समोरच्या काचेवर शेवाळ माजलेलं होतं, पण मधोमध एक जागा कोरी. डोकं. उतरते खांदे, डावा जरा जास्तच. शेवाळ उजेडावर वाढतं, सावली पडते तिथे काच स्वच्छ राहते, हे कळायला काही पदवी लागत नाही. म्हणजे दुपारभर कोणीतरी उन्हाच्या आड उभं होतं, आणि उन्हाबरोबर सरकतही होतं. मी खिडकीचे गज पाहिले, कपाट पाहिलं, खुंटी पाहिली. आड येईल असं काहीच नव्हतं. मग चुंबकाचा घासणा फिरवून काच लख्ख केली. पुढच्या खेपेला आकार पुन्हा तिथेच. खोटं कशाला बोलू, मला भीती नाही वाटली, उलट बरंच वाटलं. मेल्यावरसुद्धा हा माणूस पडदा लावू देत नाही, म्हणून एकटाच हसलो.

ते हसू फार टिकलं नाही. ताई वाळत चालली होती. ताटातला घास नुसता चिवडायची, हाक मारली तर ओ द्यायला वेळ लागायचा. आणि एका खेपेला काचेवर भाऊजींच्या शेजारी दुसरी कोरी जागा दिसली. त्यांच्या खांद्याला लागेल एवढी उंची, मानेवर अंबाडा. माझी पाचावर धारण बसली.

"ताई, तू आत जातेस का गं?"

"जाऊ कशी? किल्ली तुझ्या खिशात आहे." ती भिंतीला टेकून बसली होती. "दुपारी पडते जरा, डोळा लागतो. मग ते दिसतात, पाठमोरे. म्हणतात, ये, मी थोडा सरकून घेतो."

आईमागे हिनेच मला वाढवलं. माझी आजारपणं काढली, माझ्यासाठी शाळेत जाऊन मास्तरांशी भांडली. ती माझ्या डोळ्यांदेखत हातची चालली होती आणि मी काचा घासत बसलो होतो. "पिशवी भर," मी म्हणालो. "माझ्या घरी चल."

"आणि मासे?"

"मासे मी बघतो. तू आधी माणसांत ये."

ताई आमच्याकडे आली आणि काय सांगू, पहिला आठवडा सरायच्या आत माझ्या बायकोच्या आमटीला नावं ठेवायला लागली. दोन्ही वेळा पोटभर जेवायची, वर मला म्हणायची, "इतकं पाण्यात राहतोस, पण अंघोळीचा कंटाळा काही गेला नाही तुझा." माझा जीव भांड्यात पडला.

मग एका दुपारी टाकी बघायला गेलो. कुलूप उघडलं. काचेवर आता एकटे भाऊजी असणार, अशी माझी खात्री होती.

दोघंही होते. आधीपेक्षा जवळ, मध्ये बोटभरसुद्धा शेवाळ नाही. आणि ताई तर तिकडे माझ्या घरी मटार सोलत बसली होती.

माझं डोकं फिरलं. कपाटातून जाड चादर ओढली, हातोडी शोधली आणि खिडकीवर चादर ठोकून टाकली. खोलीत अंधार झाला. "पुरे झालं भाऊजी," मी मोठ्याने म्हणालो. "नाही देणार मी तिला."

खिशात फोन वाजला. बायको रडत होती. "लवकर या हो. वन्सं बोलता बोलता कोसळल्या. हात गार पडलेत. एकदम अंधार का केलास, एवढंच विचारलं त्यांनी, मग आवाजच बंद."

मी चादर खिळ्यांसकट ओरबाडली. ऊन काचेवर पडलं, त्या दोन कोऱ्या जागांवर पडलं. फोन कानालाच होता. पलीकडे कोणीतरी खोकलं. मग ताईचा आवाज आला, "अगं, रडतेस काय अशी? पाणी दे मला."

धापा टाकत घरी पोचलो तेव्हा ती खिडकीत उभी होती, मावळतीचं ऊन तोंडावर घेत. मी तिचा हात धरला. हात चांगला ऊबदार होता. मग तिच्या मागे नजर गेली. भिंतीवर खिडकीचे गज उमटले होते, कुंडीतल्या झाडाचं पान न् पान उमटलं होतं. माझी सावली होती, पुढे केलेल्या हातासकट. तो हात भिंतीवर कोणालाच धरत नव्हता. ताईच्या जागी नुसतं ऊन होतं.

"असा काय बघतोस?" तिने विचारलं.

"काही नाही. जेवलीस का?"

मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. ताई ठणठणीत आहे, फक्त आभाळ भरून आलं की शाल पांघरून गप्प बसते. दर आठवड्याला मी त्या खोलीत जातो. काच घासत नाही. माझा हातच होत नाही. धंद्यातल्या कोणी ती टाकी पाहिली तर मला दारात उभं करणार नाहीत. मी फक्त खिडकी पुसतो, आतून आणि बाहेरून, एक डाग राहू देत नाही.

समोरच्या रिकाम्या जागेत बांधकाम सुरू झालंय. दर खेपेला इमारत थोडी वर आलेली असते. परवा मुकादमाला विचारलं, किती मजले होणार? तो म्हणाला, "भरपूर. काळजी करू नका साहेब, तुमच्या खोलीत आता उन्हाचा त्रास राहणार नाही."